आडवी नको होऊ

ड्रम आणायला म्हणून मी आत गेले होते, प्रतिमा. बस, एवढंच काम होतं. तुमच्याकडे आता सगळं पाकिटात बंद होऊन येतं. तेव्हा ऑपरेशनचे कपडे, हातमोजे, कापसाचे बोळे वाफेवर शुद्ध करून स्टीलच्या गोल डब्यात ठेवायचे, त्याला आम्ही ड्रम म्हणायचो. ड्रम समोर आल्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावत नसत.

लाइट गेलीच आहे तर बस अशी जवळ. मेणबत्ती राहू दे मधे. परवा तू विचारलंस ना, की मावशी, तुमच्या काळात तर बाईला टेबलावर उताणी झोपवून ठेवायचे, मग हे चालवणं, टेकवणं, बाळाचे ठोके चांगले असतील तर धीर धरणं, हे तू कुठून शिकलीस? आमच्या कोर्समध्ये तर हे आत्ता आलं. मी म्हटलं होतं, एका जुन्या बाईनं शिकवलं. ते खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं.

सत्त्याण्णवचा मे महिना. भूकंपाला चार दिवस झाले होते. तुझी आई सांगतच असेल, पहाटे घरं हलली आणि सगळं जबलपूर रस्त्यावर आलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक छपराखाली जायला तयार नव्हते. दीक्षितपुऱ्याजवळच्या ज्या प्रसूतिगृहात मी होते, तिथंही तीच गत. आमच्या दोन इमारती. नवीन भाग सिमेंटचा, त्यात ऑपरेशन थिएटर, त्याला काही झालं नव्हतं. जुना भाग चुन्याच्या भिंतींचा, उंच छताचा. लेबर रूम आणि वाफेची खोली तिथं. त्याला भेगा पडल्या होत्या, म्हणून कुलूप घातलं होतं. बाया मात्र नवीन भागातही झोपेनात. मग अंगणात कडुलिंबाखाली कनाती लावल्या आणि खाटा बाहेर काढल्या. बाळंतपणं तिथंच, चादरींच्या आडोशाला.

आणि त्या चार दिवसांत आम्ही सहा सिझर केले. एरवी महिन्याला इतके होत नसत. तिवारी मॅडम वाईट डॉक्टर नव्हत्या. पण त्यांचं स्वतःचं घर फुटलं होतं, चार दिवस त्या नीट झोपल्या नव्हत्या, आणि पुन्हा जमीन हलली तर अर्धवट कळांतली बाई हातात नको, असं त्यांना वाटायचं. लवकर मोकळं करून टाका, हाच सगळ्यांचा धोशा. नातेवाईकही तेच म्हणत. मीही तेच म्हणत होते.

त्या दिवशी खाटेवर हेमलता होती. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. माणसं मूळची वर्ध्याकडची, नवरा रत्नाकर फॅक्टरीत. बरोबर सासू राधाबाई. पहाटेपासून कळा, दुपारचे दोन वाजले तरी पिशवीचं तोंड सात सेंटिमीटरच्या पुढं उघडेना. चार तास तिथंच अडलेलं. बाळ पाठीला पाठ लावून होतं, त्यामुळे पोटापेक्षा कंबरच तुटत होती पोरीची. बाळाचे ठोके मात्र छान होते. मी दर थोड्या वेळानं पोटाला नळकांडं लावून ऐकत होते.

तिवारी मॅडम आल्या, तपासलं, आणि म्हणाल्या, "अब और नहीं रुकेंगे, सिस्टर. तैयारी करो."

अडचण एकच होती आणि ती मोठी होती. हेमलताच्या अंगात रक्त नव्हतं. तपासणीत हिमोग्लोबिन सात आलं होतं. आणि भूकंपातल्या जखमींमुळे शहरात तिच्या गटाचं रक्त मिळेना. रत्नाकर सकाळपासून सायकलवर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होता. पोट उघडल्यावर ती जरा जास्त वाहिली तर काय, हे मॅडमना कळत होतं, मलाही. पण अडलेल्या बाळाला तसंच ठेवलं तर काय, हेही कळत होतं. मॅडमनी मान वळवली आणि ड्रम आण म्हणाल्या. शेवटचा भरलेला ड्रम जुन्या भागात, वाफेच्या खोलीत राहिला होता.

किल्ली चौकीदार नथ्थूकडे. त्यानं कुलूप काढलं, पण आत पाय टाकला नाही. दाराची फळी धरून उभा राहिला आणि म्हणाला, दीदी, लवकर या. मी म्हटलं, दोन मिनिटं.

बाहेर लू चालली होती. अंगाची नुसती लाही होत होती. आत पाऊल टाकलं आणि एकदम गार लागलं. जाड भिंतींचं घर, गार असणारच, असं मी मनाला सांगितलं. खिडक्या बंद. भेगांमधून उजेडाच्या बारीक रेघा आत आल्या होत्या आणि त्यात धूळ हलत होती. जमिनीवर छताचा चुना पडलेला, चार दिवसांचा, पांढरा, सपाट. माझ्या चपला त्यात उमटत गेल्या. मागं वळून पाहिलं तर माझेच ठसे, बाकी काही नाही.

लांब गलियारा होता. उजवीकडे लेबर रूम, टोकाला वाफेची खोली. मी अर्ध्यावर आले आणि वास आला. फिनाइलचा नाही, चुन्याचा नाही. ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा टाकतात ना, तो. आणि त्याच्या मागून कोमट एरंडेलाचा. चार दिवस कुलूप असलेल्या घरात.

मग पावलं ऐकू आली.

अनवाणी. दोघींची. एकीची जड, ओढत टाकलेली. दुसरीची हलकी, तिच्याबरोबर चालणारी. लेबर रूममध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होत्या, वळत होत्या, परत येत होत्या. मधेच थांबत. थांबल्या की एक लांब श्वास... तोंडानं सोडलेला... कळ आली की बाई सोडते तसा. तो श्वास ओळखायला मला कुणी सांगायला नको होतं. अकरा वर्षं मी तोच ऐकत आले होते.

मला वाटलं, कुणी पेशंट आत राहून गेली. भूकंपाच्या गडबडीत कुणी मोजलंच नाही. चार दिवस, आत, एकटी? मी हाक मारली आणि दार ढकललं.

खोली रिकामी होती.

पाय अडकवायची कडी असलेलं लोखंडी टेबल भिंतीला लावलेलं होतं. ते नेहमी मधोमध असायचं. मधली जमीन मोकळी. तिच्यावर चुना पसरलेला, एकही पाऊल न उमटलेला. आणि पावलं चालतच होती, प्रतिमा. माझ्या समोर. खिडकीपाशी गेली, तिथं थांबली. खिडकीचं लाकडी फळकूट कुरकुरलं, कुणीतरी दोन्ही हात टेकवून भार टाकावा तसं. त्याच्यावरचा चुना खाली सांडला. मग तो श्वास.

आणि एक आवाज. म्हाताऱ्या बाईचा, खालच्या पट्टीतला, आपल्या नागपूरकडचा.

"आडवी नको होऊ... येऊ दे. टेक... अशी. आता गुडघ्यावर ये."

मी तिथून निघायला हवं होतं. निघाले नाही. भीती वाटत होती, पण आणखी काहीतरी होतं, ते तुला सांगते. मी ऐकत होते. शिकाऊ असताना मोठ्या सिस्टरच्या मागं उभी राहून ऐकायचे, तशी. फळकुटाजवळून ते दोघींचं ओझं हळूच खाली आलं. जमिनीशी आलं. श्वास बदलला, आता तो लांब नव्हता, आता जोर लावणारा होता. पोटातून येणारा. बाळ खाली येतं तेव्हाचा.

मग सगळं थांबलं. श्वास थांबला, पाऊल थांबलं. अशी शांतता, की कुणीतरी माझ्याकडे मान वळवून पाहिलंय हे मला पाठीच्या कण्यात कळलं.

आवाज माझ्या कानाशी आला. रागानं नाही. कामात असलेली बाई बोलते तसा.

"तू काहून उभी आहेस? ती पोरगी तिकडे निजून राहिली ना..."

मी कशी बाहेर आले ते आठवत नाही. नथ्थूनं माझा दंड धरला तेव्हा उन्हाचा चटका लागला आणि कळलं की आपण बाहेर आहोत. त्यानं विचारलं, ड्रम कुठं आहे. माझे हात रिकामे होते. आत कुणी गेलं होतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, चार दिवस किल्ली माझ्या कमरेला आहे. मग माझं तोंड पाहून त्यानं कुलूप लावलं.

आता पुन्हा आत जाणं माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून मी खोटं बोलले. मॅडमना सांगितलं की वाफेच्या खोलीचं दार चौकटीत आवळलंय, उघडत नाही. आयुष्यात डॉक्टरला कामाबाबत खोटं सांगितलं ते तेवढंच. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग नथ्थूला चिठ्ठी देऊन दुसऱ्या नर्सिंग होममध्ये ड्रम मागायला पाठवलं. रस्ते ढिगाऱ्यांनी अडलेले, जाऊन यायला तास-दीड तास लागणार होता. तोवर ठोके बघत राहा, जरा जरी कमी झाले तर मला बोलाव, असं सांगून त्या नवीन भागात दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

मी हेमलताजवळ गेले. ती उताणी पडली होती. डोळे छताला लावावेत तसे कनातीला लावलेले, ओठ सुकलेले. पाठ, पाठ, एवढंच म्हणत होती. पोरगी निजून राहिली होती, अगदी तसंच.

तुला सांगते, तो क्षण मला अजून आठवतो. मी जर ऐकलं आणि काही वाईट झालं, तर कुणाला काय सांगणार होते? की रिकाम्या खोलीनं सांगितलं म्हणून? शिकताना आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पुस्तकातली बाई नेहमी झोपलेलीच असायची. मी नळकांडं लावलं. एकशे चाळीस. स्वच्छ, घोड्यासारखे ठोके. बाळ थकलं नव्हतं. आम्हीच थकलो होतो.

मी तिच्या मानेखाली हात घातला आणि उठ म्हटलं.

राधाबाई घाबरल्या. म्हणाल्या, अहो, तिच्यात बसायचं त्राण नाही, चालवता काहून? मी म्हटलं, ठोके चांगले आहेत, थोडं करून पाहू. लिंबू-साखरेचं पाणी पाजलं. एका बाजूनं मी, एका बाजूनं राधाबाई. कनातीच्या आत दहा पावलं जायचं, दहा पावलं यायचं. पहिल्या दोन फेऱ्या तिचे पाय लटपटले. तिसऱ्या फेरीत कळ आली आणि ती आपोआप थांबली. मी तिच्या समोर झाले, तिचे हात माझ्या गळ्यात घेतले, तिनं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि भार सोडला. लांब श्वास, मी कानात म्हटलं. येऊ दे. माझ्या तोंडून तेच शब्द येत होते आणि मला ते परके वाटत नव्हते.

असं किती वेळ चाललं... पाऊण तास असेल. प्रत्येक कळेनंतर मी ठोके ऐकायचे. दर वेळी चांगले. एकदा कळेच्या मध्यात ती माझ्या खांद्यात पुटपुटली, "हो... तिथंच दाबा. तसंच राहू द्या." तिची कंबर कुणीतरी मागून दाबत होतं, आणि तिला त्यानं बरं वाटत होतं. तिच्या अंगातला ताण कसा उतरतो ते मला समोरून कळत होतं. राधाबाई मागं आहेत, मी मनात म्हटलं. शहाणी बाई आहे.

मग जमीन हलली.

मोठा धक्का नव्हता. खाटांचे पाय वाजले, कनातीचे बांबू हलले, बाहेर ओरडा झाला आणि सगळे मोकळ्यात पळाले. आम्ही कुठं पळणार? हेमलता माझ्या गळ्याला घट्ट बिलगली होती आणि तिला तेव्हाच मोठी कळ आली होती. मी डोळे मिटले. धक्का गेला. कळ गेली नाही. ती माझ्या अंगावरून घसरत खाली गेली, गुडघ्यांवर आली, हात सतरंजीवर टेकले. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. सांगायचं मनात होतं, पण शब्द निघाला नव्हता. आणि तिचा श्वास बदलला. मी तिच्या मागं गेले.

मॅडम धावत आल्या त्या धक्क्याला घाबरून, पेशंट बघायला. कनातीची चादर बाजूला करून त्यांनी पाहिलं तर हेमलता चार पायांवर आणि मी तिच्या मागं बसलेली. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि तशाच सतरंजीवर गुडघे टेकून बसल्या. काळे केस दिसत होते.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या, "ये तो घूम गया."

बाळ फिरलं होतं. चार तास जे अडलं होतं ते एका तासात फिरून खाली आलं होतं. मॅडमनी हातमोजे घातले आणि कुणी घाई केली नाही. पहिल्यांदाच त्या चार दिवसांत कुणी घाई केली नाही. पंधरा-वीस मिनिटं, आणि मुलगी मॅडमच्या हातात आली. एक क्षण गप्प. मग अशी रडली की बाहेर पळालेली माणसं परत आली.

वार पूर्ण पडली. रक्त फार गेलं नाही. मी हेमलताच्या पोटावर हात ठेवून बसले होते, पिशवी दगडासारखी घट्ट आवळली होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते मला थांबवता येईना. राधाबाई नातीला पदरात घेऊन लहान मुलीसारख्या हसत होत्या. थोड्या वेळानं नथ्थू ड्रम घेऊन आला. कुणी तो उघडला नाही. त्याच्या मागून रत्नाकर आला, घामानं निथळलेला, रक्त न मिळालेला. काय सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि त्याला रडणं ऐकू आलं. तो सायकल धरूनच खाली बसला. सायकल अंगावर पडली तरी उठला नाही.

संध्याकाळी मी मॅडमना खरं सांगितलं, की दार आवळलेलं नव्हतं, मी आत घाबरले आणि ड्रम न घेताच पळून आले. कशाला घाबरले ते सांगितलं नाही. पुन्हा असं खोटं बोलू नकोस, म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी एक बाई कळा देत आली तेव्हा त्यांनीच मला हाक मारून सांगितलं, हिला चालवून बघ. ज्यांना सिझर खरंच लागायचा त्यांना तो व्हायचाच, पुढंही झाला, आणि त्यानं जीव वाचले. पण त्या महिन्यानंतर नुसत्या भीतीनं पोट उघडणं आमच्याकडे हळूहळू बंद झालं.

चौथ्या दिवशी हेमलता घरी जायला निघाली. चेहऱ्यावर तेज आलं होतं. मी तिला टॉवेलनं पुसून, लुगडं नेसायला मदत करत होते. राधाबाई बाजूला उभ्या होत्या. थोड्या ओशाळल्यासारख्या होऊन म्हणाल्या, "सिस्टर, एक सांगू काय? जमीन हलली तेव्हा मी सुनेला टाकून पळाली. मला माफ करा. तुम्ही एकटीनंच सांभाळलं तिला."

मी म्हटलं, त्याआधी तर पाऊण तास तुम्ही तिची कंबर दाबलीत, तेच खरं मोठं काम.

त्या म्हणाल्या, मी नाही दाबली. मी बाजूनं तिचा हात धरून होती. दाबत तर तुम्ही होता ना?

माझे दोन्ही हात त्या वेळी हेमलताच्या काखेखाली होते. समोरून.

हेमलतानं मागं वळून विचारलं, काय झालं. तेव्हा तिचा परकर सैल होता आणि माझी नजर तिच्या कंबरेवर गेली. माकडहाडाच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना, दोन तळवे उमटलेले होते. फिकट लाल. बोटं खालच्या बाजूला. मी तिला विचारलं, दुखतं का. नाही, ती म्हणाली, चांगलं वाटतं, गरम गरम राहतं तिथं. माझा हात मी त्या ठशावर ठेवून पाहिला. माझी बोटं त्याच्या बाहेर येत होती. तो हात माझ्याहून लहान होता.

आणि तिथली कातडी दबलेली होती, प्रतिमा. कुणी अजूनही हात न काढता मागं उभं असावं, तशी.